मामांकडे दया मागायला गेलो तेव्हा

भाजी असो, जमीन असो, नाहीतर डॉक्टरची फी, भाव केल्याशिवाय मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. एकच गोष्ट मला भाव न करता मिळाली आणि तिचाच राग मी अजून बाळगून आहे. ती म्हणजे दया. आधी देवाची, मग मामांची.

गेल्या हिवाळ्यात तीच मी मागायला गेलो. स्वतःच्या पायांनी, नांदेडला, मामांच्या दारात. इतका अवघड सौदा मी त्याआधी केला नव्हता आणि नंतरही केलेला नाही. पण तो सौदा कळायचा तर आधी माझा राग कळायला हवा.

आमचं गाव औशाच्या पलीकडे. दगडाच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, त्या भागात सगळ्यांची होती तशीच घरं. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत मी लेझीम खेळत राहिलो, घरी यायला उशीर झाला. वडील बोलले. मी उलटून बोललो. त्यांनी एक कानाखाली दिली आणि मी वाकळ उचलून अंगणातल्या बैलगाडीत जाऊन झोपलो. आई समजूत काढायला आली. मी ऐकेना, म्हणून ती तिथेच चाकाला टेकून बसली आणि तिला डोळा लागला. पहाटेआधी जमीन हलली. भिंतीचा एक दगड आईच्या पायावर आला. वडील आत होते.

मला माझ्या रागाने वाचवलं, हे मला त्या वयातही स्वच्छ दिसत होतं. लोकांनी मात्र ते देवाच्या नावावर घातलं. भूकंपानंतर आम्हाला पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं, तिथे जो येई तो म्हणे, देवाची दया म्हणून वाचलास. एकदा एक महाराज प्रवचनाला आले, तेही तेच म्हणाले. मी उभा राहिलो.

"महाराज, आमच्या शेजारची तान्ही पोर गेली. तिच्यावर देवाची दया नव्हती का?"

"देवाच्या मनात काय असतं, ते आपल्याला कळत नाही बाळा."

"मग माझ्यावर दया केली, हे तुम्हाला कुठून कळलं?"

"खाली बस की रं," म्हणत मागून कुणीतरी माझा शर्ट ओढला. महाराज रागावले नाहीत. माझ्याकडे बघत नुसते गप्प राहिले. त्यांचं ते गप्प राहणं मला अख्ख्या प्रवचनापेक्षा जास्त पटलं.

मग मामा आले. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, नांदेडला शाळेत गणिताचे मास्तर. कुणाची तरी जीप मागून आणली होती त्यांनी. आईला उचलून आत बसवलं आणि मला म्हणाले, "चल." इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. तक्रार पुढची आहे.

पाहुणा आला की मामा मला हाक मारायचे. मी पाण्याचा तांब्या घेऊन जायचो. "हा आमचा भूकंपातला," मामा सांगायचे. "बहिणीचा पोरगा. दया आली, घेऊन आलो." पाहुणा माझ्याकडे बघून चुकचुकायचा आणि मामांकडे बघून मान डोलवायचा. दिवाळीला हेच, बारशाला हेच. माझ्या लग्नात मी हळदीच्या अंगाने उभा होतो, तेव्हा मामांनी मुलीकडच्या मंडळींना बाजूला घेऊन तेच सांगितलं. बायको अजून चिडवते, की मला नवरा नाही मिळाला, भूकंपातला मिळाला.

राग अनावर झाला की मी गुरुद्वाऱ्यात लंगरला जाऊन बसायचो. वाढणारा माझ्या तोंडाकडे बघायचासुद्धा नाही. दोन्ही हात पुढे करायचे, हातांवर पोळी पडायची. कुठला, कुणाचा, कसा वाचलास, काही नाही. ते जेवण मला पचायचं. मामांच्या घरचं वरण चांगलं असूनही घशात अडकायचं.

आईला हे सांगितलं तर ती म्हणायची, "दादा बोलून दाखवतो, पण करतो तरी. न बोलणारे कुणी आले व्हते का जीप घेऊन?" हे खरं होतं. खरं ऐकलं की मी जास्त चिडतो.

शिक्षण दहावीवर सोडून मी माळेगावच्या यात्रेत जनावरांच्या एका दलालाच्या हाताखाली लागलो. तिथे बोलायचं केव्हा आणि थांबायचं केव्हा ते शिकलो. मग लातूरला आलो. क्लासेसचं पीक तेव्हा नुकतं भरात येत होतं. गावोगावची पोरं ट्रंका घेऊन स्टँडवर उतरत होती. त्यांना शिकवायला रांग लागली होती, जेवायला घालायला कुणी नव्हतं. मी खानावळ काढली. मग खानावळीवर मजला चढला, आणि मजल्यावर मुलींचं वसतिगृह झालं. आईचे शेवटचे दिवस त्याच इमारतीत गेले, स्वतःच्या मुलाच्या छपराखाली. या सगळ्यात मामांचा काडीचाही हात नव्हता, आणि हे मी भेटेल त्याला सांगत आलो आहे.

तर अशा माझ्याकडे मामा आपल्या नातीला घेऊन आले. तिचे आईवडील पुण्याकडे कंपनीत, पोरगी लहानपणापासून आजोबांजवळ वाढलेली, त्यांना आबा म्हणणारी. बारावीनंतर नीटची परीक्षा दिली, मार्क कमी पडले, आता लातूरला राहून पुन्हा द्यायची होती. डॉक्टर करायचं हे मामांनी ती पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. मी वसतिगृहाचा दर सांगितला.

"नात्यात भाव करतोस?" मामा म्हणाले.

"नात्यातच करतो मामा. परक्याला नियम सांगतो."

"तुला कुणी आणलं होतं, विसरू नकोस."

"तुम्ही विसरू द्याल तेव्हा ना."

पोरगी मध्ये उभी राहून खाली बघत होती. तिला हसू आवरत नव्हतं, ते मी पाहिलं. त्या हसण्यापायी मी दर कमी केला. मामांना वाटलं, त्यांनी पाडला.

जानेवारीतल्या एका सकाळी, अकराच्या सुमाराला, मी गॅसवाल्याशी भांडायला मागच्या गल्लीत गेलो होतो. भांडण रंगात आलं होतं. तेवढ्यात शेजारच्या घराच्या खिडकीतून आवाज आला, "आधी चुकीचं उत्तर कोण सांगतो? बरोबर उत्तर नंतर."

मी बोलता बोलता थांबलो. गॅसवाल्याला वाटलं, तो जिंकला.

हे वाक्य मी जन्मात एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं होतं. नांदेडला आल्यावर मी मामांच्याच वर्गात बसत असे. भूकंपानंतर माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं, बेरीज करायला घेतली की आकडे हलायचे. बाकीच्या मास्तरांच्या हातात छडी असायची. मामा फळ्यावर गणित मांडायचे आणि विचारायचे, आधी चुकीचं उत्तर कोण सांगतो? जो सांगेल त्याला फळ्यापाशी बोलवायचे, आणि मग सगळ्या वर्गाने मिळून शोधायचं की हे उत्तर घसरलं कुठे. हसायचं नाही, हा नियम. मी रोज हात वर करायचो, कारण चुकीचं उत्तर माझ्यापाशी कायम तयार असायचं. आणि एके दिवशी सगळा वर्ग शोधून दमला, माझ्या उत्तरात चूक सापडेना.

मी खिडकीतून डोकावलो. आत सतरंजीवर दुपारच्या शाळेची, सातवी-आठवीची पोरं बसली होती आणि हातात खडू घेऊन मामांची नात उभी होती. त्या वेळी ती क्लासमध्ये बायोलॉजीच्या तासाला असायला हवी होती.

दुपारी मी तिला खाली बोलावलं. तिने काही लपवलं नाही. दिवाळीपासून ती क्लासला गेलीच नव्हती. गैरहजेरीचे मेसेज मामांच्या फोनवर जात होते, पण मामा फोन झिजू नये म्हणून बंद ठेवतात, रविवारी तेवढा चालू करतात आणि मेसेज उघडत नाहीत.

"बायोलॉजीचं पुस्तक उघडलं की पान पुढे सरकत नाही काका. गणित दिवसभर चालतं. बारावीला ते मी हट्टाने ठेवलं होतं. त्या मुलांना शिकवताना मला..." ती थांबली. "आबांना कळलं तर ते दुसऱ्या दिवशी घेऊन जातील. देगलूरचं एक स्थळ आलेलं आहे. शिकायचं नसेल तर लग्न, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. दया करा, त्यांना सांगू नका."

"हा शब्द माझ्यापुढे काढायचा नाही," मी ओरडलो.

ती दचकली, पण रडली नाही. "मग काय म्हणू?"

"भाव कर. तू काय देतेस ते सांग."

तिने विचार केला. "मी खोटं बोलणं बंद करते. आठवडाभर तुम्ही गप्प राहा, मग मीच आबांना सांगते. जे व्हायचं ते होऊ दे."

पोरगी सौद्यात कच्ची होती. हातातलं सगळं आधीच देऊन टाकलं. मी तिला काहीच कबूल केलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या अंगात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मामांच्या ओट्यावर, त्यांच्या शेजाऱ्यांच्या देखत, त्यांच्या नातीचा पराक्रम सांगायचा आणि वर म्हणायचं, काळजी करू नका, पोरीची दया आली म्हणून ठेवून घेतो. या एका वाक्यासाठी मी किती वर्षं थांबलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आवरायला लागलो.

"नवा शर्ट घालून कुठं?" बायकोने विचारलं.

"नांदेडला. मामांना त्यांच्या नातीचे गुण सांगायला."

"पोरीचं वाटोळं करायला एवढी कडक इस्त्री?"

मी चपला घालून निघालो, पण ते वाक्य माझ्याबरोबर बसमध्ये चढलं. अहमदपूरपर्यंत मी त्याच्याशी भांडलो. ओट्यावर मी काय बोलणार, मामा कसे खाली बघतील, ते सगळं पुन्हा पुन्हा रंगवलं. दर वेळी चित्राच्या कोपऱ्यात ती हातात खडू घेऊन उभी राही आणि चित्र बिघडे.

पुढे माळेगावचं मैदान दिसलं आणि मला बाजारातली रीत आठवली. तिथे जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात उपरण्याखाली जातो, बोटं धरून आकडा सांगायचा. भोवती उभ्या असलेल्या माणसांना कोण किती उतरला ते कळत नाही. त्यामुळे नमलेला माणूसही ताठ मानेने घरी जातो.

आणि तिथे, बसच्या खिडकीशी, मला एकदम काहीतरी दिसलं. मामांनी माझ्यावर दया केली ती जीपमधली नव्हे. जीपमधली तर त्यांनी नांदेडभर वाजवली. खरी दया फळ्यापाशी झाली होती. चुकीचं उत्तर घेऊन उभ्या राहिलेल्या पोराला त्यांनी कुणाला हसू दिलं नाही, आणि त्याबद्दल त्यांनी आजवर एका पाहुण्याला एक शब्द सांगितलेला नव्हता. देवाचंही तसंच असेल का? त्याने मला वाचवलं असेल किंवा नसेल, मला अजून माहीत नाही. शेजारच्या तान्ह्या पोरीचा प्रश्न मी सोडलेला नाही, तो मी वर गेल्यावर समोरासमोर विचारणार आहे. पण एवढं खरं, की त्याने कधी येऊन मला सांगितलं नाही की मी तुला वाचवलं. सांगितलं ते माणसांनी. देवाला दयाळू म्हणत असतील तर ते कदाचित यासाठीच, की तो बोलून दाखवत नाही. ज्याच्यावर केली त्याला ती हवी तर ओळखू देतो, नाहीतर शिव्यासुद्धा देऊ देतो.

मला बसून राहवेना. मी उठून दांडा धरून उभा राहिलो.

"काका, माळेगावला उतरायचंय का?" कंडक्टरने विचारलं.

"न्हाई, नांदेडलाच. जरा जोरात घ्या म्हणा की."

मनात सौदा जुळायला लागला होता. मामांना काय हवं असतं? दया करायला मिळावी, आणि बघायला कुणी असावं. मग तेच त्यांना द्यायचं आणि बदल्यात पोरगी सोडवून घ्यायची. अडचण एकच होती. दया करायला त्यांना माणूस लागणार होता, आणि तो मी होतो.

मामा ओट्यावर बसले होते, शेजारी त्यांचे मित्र, निवृत्त पोस्टमास्तर. "या, भूकंपातले," मामा म्हणाले. जिभेवर तयार होतं ते सगळं वर आलं. मामीने अर्धापूरची केळी आणून पुढ्यात ठेवली. मी एक केळं तोंडात कोंबलं आणि ते सगळं त्याबरोबर गिळलं.

"मामा, माफी मागायला आलोय."

मामांनी चष्मा सारखा केला. माझ्या तोंडून हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. पोस्टमास्तर उठायला लागले तर त्यांचा हात धरून म्हणाले, "बसा हो, घरचंच आहे."

"काय केलंस?"

"तुमच्या नातीला मी कामाला जुंपलं. गल्लीतल्या पोरांची शिकवणी काढली मी, आयती मास्तरीण मिळाली. ती नको म्हणत होती, मीच ऐकलं नाही. दिवाळीपासून तिचे क्लास बुडाले."

एवढं मोठं खोटं, पण मामांना क्षणभरही शंका आली नाही. माझ्याबद्दल हे ऐकायला जणू ते बसलेलेच होते. याचाही मला थोडा राग आहे.

"हावरटा," मामा म्हणाले. "कामून केलंस असं? काय कमी पडलं तुला?"

"बुद्धी फिरली."

"फिरायला काय झालं, पहिल्यापासून तशीच आहे," मामी आतून म्हणाली.

"आणि तिने मला सांगितलं का नाही?"

"माझ्या भीतीने. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे."

"तो सगळ्या मराठवाड्याला माहीत आहे."

पोरगी सुटली होती. आता खरं काम. माझ्या उभ्या हयातीत मी जे म्हटलं त्याच्या उलट मामांनी केलं आहे, आणि या गोष्टीचा मला त्या दिवशी पहिल्यांदा उपयोग झाला.

"मामा, तिला घेऊन जा. देगलूरचं स्थळ आहे ना, लावून द्या. माझ्याही डोक्याचा ताप जाईल."

"माझ्या नातीचं लग्न ठरवणारा तू कोण?" मामा कडाडले. "तुझी सोय म्हणून पोरगी उजवू?"

"मग परत बसवा परीक्षेला."

"वर्ष तर तू खाल्लंस तिचं. आता कशाला बसवू?"

इथे बाजारातला कच्चा माणूस घाई करतो आणि जिंकलेलं घालवतो. मी दुसरं केळं सोललं. अगदी सावकाश, एकेक साल काढत. शेवटी पोस्टमास्तरांनीच विचारलं, "शिकवते काय पोरगी?" त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं मला.

"गणित. पोरं जागची हलत नाहीत."

मामा बाहेर रस्त्याकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "शिकवते कशी?"

"आधी चुकीचं उत्तर विचारते. मग सगळ्यांनी मिळून चूक शोधायची. हसायचं नाही."

मामांनी चष्मा काढला. "हे तिला कुणी सांगितलं?"

"तुमच्याजवळच वाढली की ती. मी तर तुमच्या वर्गात ऐकलं होतं."

"मी म्हणायचो असं?"

"रोज."

"मला आठवत नाही," मामा म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. जीपचा रंग त्यांना आठवतो, त्या दिवशी कुठे चिखलात चाक रुतलं ते आठवतं, आणि हे आठवत नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. इतक्या वर्षांत मला मामा पहिल्यांदाच आवडले, आणि ते मी त्यांना सांगू शकत नव्हतो, कारण सौदा अजून मिटला नव्हता.

"डॉक्टर काय, गल्लोगल्ली झालेत," मामा चष्मा परत घालत पोस्टमास्तरांना म्हणाले. "गणिताची मास्तरीण मिळत नाही आजकाल. बी.एस्सी.ला घालावं म्हणतो."

"उत्तम," पोस्टमास्तर म्हणाले.

"जून येईपर्यंत राहू दे तिला लातूरलाच. पण तिच्याकडून फुकट काम करून घ्यायचं नाही," ते माझ्याकडे वळले. "कळलं?"

"कळलं."

मी उठून त्यांच्या पाया पडलो. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जा, सोडून दिलं. बहिणीचा आहेस, भूकंपातला. दया येते तुझी."

मी मान खाली घालूनच गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. तिथे पोचल्यावर मला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी कुणाला तरी धरून बडवावंसंही वाटलं. रिक्षावाल्याने जास्त पैसे सांगितले, त्याच्याशी मनसोक्त भांडलो, तेव्हा बरं वाटलं.

मी लातूरला पोचायच्या आधी मामांचा फोन तिला येऊन गेला होता. रविवार नसताना त्यांनी फोन चालू केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली आली.

"आबा गणित घे म्हणाले."

"बरं झालं."

"आणि म्हणाले, काकांच्या नादी लागू नकोस, त्यांना मी माफ केलंय." ती माझ्याकडे रोखून बघत होती. "तुम्ही काय सांगितलं तिथे?"

"भाव केला."

"दिलंत काय?"

"ते विचारत नसतात."

तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिचा चेहरा बदलला. "मी आबांना खरं सांगते. ते तुम्हाला वाईट समजतात काका, लोकांना सांगत फिरतील."

इथे मला मोह झाला. ती आत्ता फोन करील, मामा ओट्यावर ताडकन उठतील, आणि या जन्मात एकदा तरी त्यांना कळेल की हा भूकंपातला कोण आहे. फक्त मग देगलूरचं स्थळ परत उभं राहील.

"सांगायचं नाही," मी म्हणालो. "त्यांना बरं वाटतंय, वाटू दे."

"म्हणजे तुम्ही माझ्यावर दया..."

मी असा ओरडलो की वरच्या मजल्यावरच्या मुली जिन्यात गोळा झाल्या. टेबलावरचा पाण्याचा ग्लास कलंडला. ती मात्र जागची हलली नाही. माझं ओरडून होईपर्यंत थांबली, ग्लास उचलून सरळ ठेवला आणि म्हणाली, "मी जाऊ? पोरं येऊन बसली असतील."

"जा ना मग. उशीर कशाला करतेस?"

ती ओढणी सावरत मागच्या गल्लीकडे पळाली.